एसटीतल्या आमदाराच्या पलीकडे

३० जुलैला सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार गणपतराव देशमुख यांची पुण्यतिथी येते आणि पाठोपाठ १० ऑगस्टला जयंती. या पंधरवड्यात दरवर्षी मोबाइलवर ठरावीक मजकूर फिरू लागतो. एसटीने फिरणारा आमदार, पांढऱ्या साध्या कपड्यातला माणूस, एकाच पक्षात आणि एकाच मतदारसंघात हयात घालवलेला नेता, अकरा वेळा निवडून आलेला. खाली शेकड्यांनी हात जोडलेले असतात आणि ‘असा आमदार पुन्हा होणे नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं.

यातलं काहीही खोटं नाही. लिहिणाऱ्यांच्या मनात आदर आहे, याबद्दलही मला शंका नाही. पण ‘पुन्हा होणे नाही’ असं म्हटलं की आपली सुटका होते. माणूस देवमाणूस ठरला की त्याच्यासारखं वागण्याची अपेक्षा कुणाकडून करायला नको आणि आपणही कुणाला जाब विचारायला नको. गणपतरावांना, सांगोल्याच्या आबासाहेबांना, आपण त्यांच्या साधेपणात असं काही गुंडाळून ठेवलं आहे की त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं केलेलं राजकारण दिसेनासं झालं आहे. माझी तक्रार याबद्दल आहे.

एसटीचंच घ्या. लाल गाडीत काही बाकांच्या वर रंगाने लिहिलेलं असतं: महिला, अपंग, ज्येष्ठ नागरिक, विधिमंडळ सदस्य. त्या शेवटच्या जागेवर आमदार बसलेला आजच्या प्रवाशाने कधी पाहिलेला नसतो. गणपतराव त्या जागेवर बसत. याची गोष्ट आपण नम्रतेची म्हणून सांगतो, पण ती पैशाचीही आहे. आमदाराच्या मागे दहा गाड्या धावतात तेव्हा डिझेल कुणाच्या तरी खिशातून जातं. ज्याच्या खिशातून जातं, तो पुढे कधीतरी कामाचं टेंडर मागतो, वाळूचा ठेका मागतो, नाहीतर तहसीलदाराची बदली मागतो. ज्याच्या मागे गाड्याच नाहीत, त्याला हे देणं लागत नाही. शिवाय एसटीने येणारा आमदार कुठल्या गाडीने येणार, कुठल्या स्टँडवर उतरणार, हे गावाला माहीत असतं. सातबाऱ्याचा कागद घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला त्याला गाठण्यासाठी कुणाची चिठ्ठी लागत नाही. निवडणूक कमी पैशात लढवायची असेल तर मधली पाच वर्षंही कमी पैशात जगावी लागतात, असा हा सरळ हिशेब होता.

तो जमवता आला, कारण मागे पक्ष होता. आजच्या वाचकाला शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, म्हटलं की रायगडची आणि सांगोल्याची एखाददुसरी जागा आठवते. एके काळी काँग्रेसला ग्रामीण महाराष्ट्रात खरा धाक याच पक्षाचा होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि त्यातून हा पक्ष उभा राहिला. १९५० साली दाभाडीला त्यांनी आपला मार्क्सवादी कार्यक्रम मांडला. पण पुढे जेधे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचे कितीतरी मोहरे एकेक करून तिकडे गेले. गणपतराव १९६२ मध्ये सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले तेव्हा हा ओघ जोरात होता. शिकलेला तरुण वकील आणि नवा आमदार, त्याच्यासाठी सत्तेचं दार सताड उघडं होतं. ते गेले नाहीत. या न जाण्याला आपण निष्ठा म्हणतो आणि पुढे सरकतो. मला त्यात एक ठाम राजकीय मत दिसतं: दुष्काळी तालुक्याचं भांडण सत्तेत शिरून मिटत नाही, ते बाहेर राहून जागतं ठेवावं लागतं. हे मत कुणाला पटो वा न पटो, ते त्यांचं होतं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

मंत्रिपद त्यांच्या वाट्याला दोनदाच आलं, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात. एरवी जवळपास सगळा काळ विरोधी बाकावर, तोही मूठभर आमदारांच्या पक्षात. अशा आमदाराच्या हातात असतं तरी काय? तारांकित प्रश्न, त्यावरचा उपप्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्थसंकल्पावरचं भाषण. सभागृहाबाहेर मोर्चा आणि धरणं. बस्स. पण तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि दिलेलं उत्तर कार्यवाहीत छापलं जातं. पुढच्या अधिवेशनात तेच पान काढून ‘गेल्या वेळी आपण असं सांगितलं होतं’ म्हणता येतं. एका अधिवेशनात हे केलं तर काही होत नाही. वीस वर्षं केलं तर खात्यातला सचिवही तयारीने येतो.

आजच्या आमदाराकडून आपण काय मागतो ते याच्या शेजारी ठेवून बघा. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीची कमान, हायमास्ट दिवा. आमदार निधी आता वर्षाला पाच कोटींचा आहे आणि आमदार चांगला की वाईट हे गावात त्याच्या वाटपावर ठरतं. या निधीची कामं नकोत असं मी म्हणत नाही, रस्ता तर हवाच. पण सांगोल्याला पाणी पाच कोटींत येणार नव्हतं, पन्नास कोटींतही नाही. ते आणायला राज्याचं धोरण बदलावं लागणार होतं, आणि धोरणाच्या कामाचं उद्घाटन नसतं.

पाण्याची ही लढाई सविस्तर सांगायला हवी, कारण दरवर्षीच्या श्रद्धांजलीत तिला एखादी ओळ मिळाली तर मिळते.

सांगोला हा माणदेशाचा भाग. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, बेभरवशाच्या पावसाचा. माण नदी नकाशावर निळी दिसते, वर्षातले बरेच महिने पात्रात वाळू. आणि इथून फार लांब नाही अशा अंतरावर कृष्णा दुथडी भरून वाहते. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. म्हणजे तोवर पाणी अडवून वापरात आणलं नाही तर हक्कावरच गदा येण्याची भीती होती. या घाईचा फायदा कुणाला होणार? ज्यांच्याकडे आधीच कालवा आहे त्यांच्या उसाला, की सांगली, सातारा, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांना?

हा प्रश्न घेऊन १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर ही तिच्यामागची माणसं. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नागनाथअण्णा वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठच्या पाणीदार पट्ट्यातले. त्यांच्या साखर कारखान्याला पाण्याची ददात नव्हती. तरीही वरच्या कोरड्या माळाला पाणी मिळावं म्हणून ते उभे राहिले. पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे, पण वर्षामागून वर्षं आटपाडीला माणसं जमत राहिली. त्यांची मागणी नुसती ‘पाणी द्या’ अशी नव्हती. पाणी जमिनीच्या एकरांवर मोजू नका, कुटुंबावर मोजा, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क द्या, असं ती म्हणत होती. समन्यायी पाणीवाटप हा शब्द महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत रुजला तो अशा चळवळींमुळे. मोठ्या बागायतदाराला न आवडणारी ही मागणी आहे, आणि आमदाराने ती करायची म्हणजे आपल्याच मतदारसंघातल्या चार वजनदार घरांशी वाकडं घ्यायचं.

आता इथे सन बघा. १९९५ च्या निवडणुकीत गणपतराव पडले. शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवलं. कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं १९९६ मध्ये, शिवसेना-भाजप युतीच्या काळात. टेंभू आणि म्हैसाळसारख्या उपसा योजनांचं काय होणार हे ठरण्याचे हे दिवस, आणि गणपतराव त्या वेळी आमदार नव्हते. परिषदेचं काम थांबलं नाही. हातात पद नसताना तोच माणूस त्याच मागणीसाठी त्याच लोकांत बसत राहिला, आणि १९९९ मध्ये सांगोल्याने त्यांना पुन्हा विधानसभेत धाडलं. अकरा विजयांची यादी सगळे सांगतात. मला १९७२ आणि १९९५ हे दोन पराभव जास्त बोलके वाटतात, कारण पद गेल्यावर माणूस काय करतो ते तिथे कळतं.

टेंभू योजनेत कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून पाच टप्प्यांनी वर चढवतात आणि ते कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्याकडे येतं. म्हैसाळचं पाणी मिरजेकडून कवठे महांकाळ, जतच्या बाजूने येतं. पंप बसवले तरी ते चालवायचे कुणी? विजेचं बिल शेतकऱ्याच्या माथी मारलं असतं तर योजना कागदावर पूर्ण आणि रानात कोरडी राहिली असती. बिलातले ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे, हा निर्णय व्हायला कितीतरी वर्षं जावी लागली. आज माणच्या पात्रातल्या बंधाऱ्यांत टेंभूचं पाणी येतं तेव्हा त्यामागे किती निवेदनं, किती लक्षवेधी, किती मोर्चे आहेत हे ते पाणी भरणाऱ्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. बंधाऱ्यावर मात्र सध्याच्या पुढाऱ्यांचं अभिनंदन करणारा फ्लेक्स असतो.

रोजगार हमीचंही तसंच आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, मस्टरवर अंगठा उठवलेली आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढलेली पिढी आता संपत आली. त्या दुष्काळातून महाराष्ट्राने कायदा केला की मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे. वि. स. पागे यांची ती कल्पना. कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. त्यासाठी आधीच शहरातल्या नोकरदारावर व्यवसाय कर बसवला होता आणि तो आजही पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला दोनशे रुपये म्हणून दिसतो. पुण्या-मुंबईच्या पगारातून माणदेशातल्या पाझर तलावाला पैसा, अशी ही सोय. ती नुसती सरकारच्या दयाळूपणातून झाली नाही. सभागृहात आणि रस्त्यावर भांडणारी डाव्या पक्षांची एक फळी होती, तिच्यात शेकाप होता. पुढे १९९० पासून याच रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि सांगोल्याच्या मुरमाड रानात बोर आणि डाळिंब उभं राहिलं. त्याचं श्रेय मी एकट्या गणपतरावांना देणार नाही. टँकरने पाणी घालून बाग जगवणाऱ्या शेतकऱ्याचा पहिला मान. पण योजना कागदावरून तालुक्यात उतरायला तिच्या मागे लागलेला माणूस लागतो. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली. दिल्लीहून तिला हिरवा झेंडा दाखवला गेला. ज्या तालुक्यातली माणसं खडी फोडायला जात, तिथून फळांची रेल्वे निघाली, यामध्ये चार दशकांचं काम आहे.

सूतगिरणीबद्दल थोडं. कापूस न पिकणाऱ्या सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी का, असं कुणी विचारेल. पण जिथे प्यायला पाणी नाही तिथे ऊस लावून कारखाना काढण्यापेक्षा, कमी पाण्यात चालणारा आणि दर महिन्याला हातात पगार देणारा उद्योग काढणं शहाणपणाचं होतं. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या भंगारात गेल्या, ही चालली.

हे सगळं लिहिताना त्यांच्या त्रुटी लपवाव्यात असं मला वाटत नाही. तालुक्यात सहकारी साखर कारखानाही झाला आणि तो वर्षानुवर्षे बंद पडून राहिला. पाणी आलं ते फार उशिरा आलं, काही गावं अजून वाटच बघतात. इतकी वर्षं एकच आमदार असूनही तालुक्यातला तरुण पुण्याच्या कंपन्यांत जातो. विरोधक हे म्हणत आले आणि त्यात तथ्य आहे. मोठी उणीव पक्षाची. गणपतराव होते तोवर सांगोल्यात लाल बावटा होता, पण सोलापूर जिल्ह्यात तो सांगोल्यापलीकडे फारसा गेला नाही. ज्या पक्षात घराण्याला स्थान नसावं असं वाटावं, तिथे २०१९ मध्ये आधी एका कार्यकर्त्याचं नाव पुढे आलं आणि शेवटी उमेदवारी नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना मिळाली. ते ७६८ मतांनी पडले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. लोकांनी मत दिलं आहे, त्याचा मान राखायचा. पण पन्नास वर्षांच्या पक्षकार्यातून घराबाहेरचा उमेदवार सर्वांना मान्य व्हावा इतकी बांधणी का झाली नाही, हे शेकापच्या कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारायला हवं. श्रद्धांजलीत हा प्रश्न विचारणं म्हणजे अनादर, असं ज्यांना वाटतं त्यांना गणपतरावांच्या सभागृहातल्या कामाची ओळख नाही. त्यांनी आयुष्यभर प्रश्नच विचारले.

विक्रमाचा आग्रहही सोडलेला बरा. अकरा विजय हा देशातला विक्रम आहे असं अनेकदा लिहिलं जातं. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते. मणींमुळे गणपतराव लहान होत नाहीत. आकडा मोडला की मोठेपण संपावं अशा पायावर त्यांना उभं करायचं कशाला?

गणपतराव गेल्यानंतर वर्षही झालं नव्हतं, जून २०२२ मध्ये सांगोल्याचं नाव पुन्हा घरोघरी पोचलं, ते शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी तेव्हाचे आमदार शहाजीबापूंनी गुवाहाटीच्या हॉटेलातून केलेल्या एका फोनमुळे. झाडी, डोंगार आणि हाटील अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झालं. शहाजीबापूंच्या बोलीतली रग मला आवडते, त्या बोलीचा अपमान होऊ नये. पण तेरा तालुक्यांच्या पाण्याची लढाई ज्या तालुक्याने लढली, त्याची राज्याला ओळख त्या एका वाक्याने व्हावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष फोनचा नाही. लढाईची गोष्ट आपण कुठे लिहून, शिकवून ठेवलीच नाही, म्हणून जागा रिकामी होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात गणपतरावांचा पुतळा उभा राहिला. अनावरणाला शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एका व्यासपीठावर आले. सगळ्या पक्षांनी आदर दाखवला, चांगलं झालं. पण सगळे एकमताने ज्याच्या पुतळ्याला हार घालतात, त्याचं म्हणणं कुणालाच अडचणीचं उरलेलं नसतं. भूमिहीनाला पाण्याचा वाटा द्या, ही मागणी त्या व्यासपीठावरच्या कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात आहे?

जन्मशताब्दीचा काळ आला आहे. समित्या होतील, एखाद्या योजनेला, एखाद्या चौकाला नाव दिलं जाईल. माझी मागणी वेगळी आहे आणि ती खर्चिक नाही. विधिमंडळाच्या ग्रंथालयात कार्यवाहीचे खंड आहेत. त्यातून गणपतरावांचे प्रश्न, उपप्रश्न, लक्षवेधी आणि अर्थसंकल्पावरची भाषणं वेगळी काढून, मंत्र्यांच्या उत्तरांसकट, सालवार छापावीत. उत्तरं हवीतच, म्हणजे कुठल्या सरकारने काय कबूल केलं आणि ते कधी पाळलं हे दिसेल. त्याला आटपाडीच्या परिषदांचे ठराव जोडावेत. सोलापूर विद्यापीठाने संपादनाची जबाबदारी घ्यावी. पाणी परिषदेतले जे जुने कार्यकर्ते हयात आहेत त्यांना गाठून, त्यांची टिपणं आणि हँडबिलं गोळा करायला तालुक्यातल्या महाविद्यालयांची मुलं पाठवावीत, कारण ती कागदपत्रं घराघरांतल्या ट्रंकांत आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत थोडी थोडी रद्दीत जातात. सांगोल्याचे आजचे आमदार त्यांच्याच घरातले आहेत. सभागृहात हे मागायचं झालं तर पहिला अधिकार त्यांचा. सगळं एकदम झालं नाही तरी चालेल. १९६२ ते १९६७ हा पहिला खंड घ्यावा, नव्या आमदाराची पहिली पाच वर्षं, आणि त्याची एकेक प्रत तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत पोचवावी.